पडक्या वाड्याचा फोटो आणि मागचं दार

 

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने मला मोबाइलवर काही फोटो दाखवले. तुमसरजवळचा आंबागड, सानगडीचा किल्ला, पवनीचा परकोट, आणि बरेचसे मालगुजारांचे पडके वाडे. छप्पर गेलेलं, कोरीव सागवानी खांब तेवढा उभा, भिंतीतून पिंपळ फुटलेला, वरून तिरपं ऊन पडलेलं. खाली ओळ होती, 'काळाने गिळलेलं वैभव'. त्याने विचारलं, "सर, कसे आहेत?" मी म्हणालो, छान आहेत. ते छान आहेतच. पण घरी गेल्यावर माझं मन त्या ओळीवर अडलं. वाडा काळाने गिळला, हे खरं का? आज एवढंच बोलायचं आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. त्यातला एक फोटो मी ओळखीच्या एका आजींना दाखवला. वय नव्वदीच्या आसपास. लहानपणी आईबरोबर त्याच वाड्यात धान कांडायला जायच्या. वाड्याचा पुढचा दरवाजा फोटोत मोठा सुरेख आला होता. आजींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हा दरवाजा मी जवळून कधी पायलाच नाई, बापू. आमी मांगून जात होतो." आणि मोबाइल परत दिला.

आता हे आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत मांडून बघू. रसासाठी विभाव लागतो, आणि विभाव दोन प्रकारचा. ज्याच्यामुळे भाव जागा होतो ते आलंबन, आणि जे त्या भावाला फुलवतं ते उद्दीपन. करुणात गेलेला माणूस हे आलंबन. त्याची रिकामी खाट, त्याच्या वहाणा हे उद्दीपन. पडक्या वाड्याच्या फोटोत काय असतं? शेवाळ, तिरपं ऊन, मोडका झोपाळा. सगळं उद्दीपन. खाट दिसते, पण गेलं कोण ते कळत नाही. कुणी म्हणेल, वाडा स्वतःच आलंबन आहे. बरं, मान्य. पण मग शोक कोणाच्या मनात आहे? फोटो बघणाऱ्याचं त्या वाड्यात काहीच गेलेलं नाही. आजींचंही गेलेलं नव्हतं. दरवाजा बघून त्यांना हुरहुर वाटली नाही. म्हणजे आपल्याला जे वाटतं तो करुण नव्हे. ती एक गोड उदासी आहे, आणि ती फुकट मिळते.

ही उदासी गोड का लागते, याचं एक चांगलं उत्तर गेऑर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भग्नावशेषांवरच्या निबंधात दिलं. माणूस दगड वर चढवतो, निसर्ग त्याला खाली ओढतो. पडक्या इमारतीत या दोघांचा जणू समझोता झालेला दिसतो, म्हणून मन शांत होतं. पण झिमेल प्रामाणिक होता. तो पुढे म्हणतो, की जिथे नासधूस माणसांनी केलेली जाणवते तिथे ही जादू चालत नाही. आणि माणसांनी नुसतं पडू दिलं असेल तर? तेव्हा तो माणूस निसर्गाचा साथीदार झालेला असतो.

या कसोटीवर आयर्लंड घ्या, कारण पडक्या हवेल्यांच्या तिथल्या फोटोंचं आज बरंच कौतुक होतं. टार्क्विन ब्लेक या छायाचित्रकाराचं अशा घरांवरचं पुस्तक २०१० साली आलं. फोटो सुंदर आहेत, आणि त्याने घरांचा इतिहासही सोबत दिला, हे त्याचं मोठेपण. पण इंटरनेटवर फिरतो तो फोटो. मजकूर मागे राहतो. मग धुक्यातली वेल चढलेली भिंत बघून आपण म्हणतो, वा, काळाची किमया! प्रत्यक्षात १९०३ च्या कायद्याने जमीन कुळांना मोठ्या प्रमाणावर विकत घेता येऊ लागली आणि या घरांचा आधार सुटत गेला. १९२० ते १९२३ च्या धामधुमीत पावणेतीनशेच्या आसपास घरं जाळली गेली. पुढे कितीतरी मालकांनी कर चुकवायला स्वतःच छप्पर उतरवलं. मेयो परगण्यातला मूर हॉल १९२३ च्या फेब्रुवारीत जाळला गेला. त्याच घराण्यातल्या एकाने १८४६ साली, दुष्काळात, घोड्याच्या शर्यतीत जिंकलेला पैसा कुळांसाठी खर्च केला होता. तरी घर जळलं, कारण तोपर्यंत भांडण वेगळं झालं होतं. आता आतमध्ये झाडं उगवली आहेत. यातलं काय काळाने केलं? फक्त झाडं.

आता परत आपल्या जिल्ह्यात या. मालगुजार गावाचा सारा वसूल करून सरकारात भरायचा. इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात त्याला मालकी हक्क दिले. आपण तेव्हा मध्य प्रांतात होतो. १९५० साली मध्य प्रदेशने हे हक्क रद्द करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ ला ते सरकारकडे गेले. बहुतेक वाडे त्यानंतरच्या दोन पिढ्यांत बसले. वाटण्या झाल्या, एक भाऊ नागपूरला गेला, एकाने सागवान विकलं, तिघांच्या सामायिक भिंतीची डागडुजी कोणीच केली नाही. झिमेलच्या भाषेत, पडू दिलं. आणि ज्या कायद्याने वाडा रिकामा केला, त्याने आजींच्या आईची वेठही संपवली. म्हणून 'गिळलेलं वैभव' ही ओळ मला खटकते. एका घराचं वैभव गेलं ते गावाच्या दृष्टीने बरंच झालं असेल. फोटोखालच्या ओळीने हा प्रश्न विचारायच्या आधीच निकाल देऊन टाकला.

त्याच कायद्याने गावचे तलावही सरकारकडे गेले. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. आपल्या पूर्व विदर्भात ते हजारो आहेत. त्यातले कितीतरी गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले. वाडा एका कुटुंबाचा होता, तलावावर अख्ख्या गावाचा धान पिकायचा. कित्येक तलाव आज गाळाने भरलेत, पाळीला झुडपं फुटलीत. हीसुद्धा पडझडच आहे, आणि तिने खरंच कुणाचं तरी काही गेलं आहे. पण गाळाचा फोटो कोणी काढत नाही, कारण गाळ देखणा दिसत नाही.

माझ्यावर आक्षेप येईल, की सर, फोटोने सगळं सांगायचं का? सौंदर्य पुरेसं नाही का? नाही, सगळं सांगू नये. फोटो म्हणजे गॅझेटियर नव्हे. पण फोटो काढणारा उभा कुठे राहायचं ते ठरवतो, आणि ती निवड म्हणजेच त्याचं मत असतं. आंबागड घ्या. तो अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या गोंड राजवटीत बांधला गेला आणि पुढे भोसल्यांनी तिथे कैदी ठेवले. कैद्यांना तिथल्या विहिरीचं दूषित पाणी प्यायला लावत, असं सांगतात. बुरुजावरून दिसणारं हिरवं रान आणि त्या विहिरीचा काठ, दोन्ही जागा त्याच गडावर आहेत. बहुतेक जण बुरुजावर चढतात. मीही चढलो होतो, आणि विहिरीपाशी थांबावं असं मला तेव्हा सुचलं नाही.

त्या मुलाला मी परवा फोन केला. म्हटलं, तुझे फोटो चांगले आहेत, ते पुसू नकोस. फक्त पुन्हा एकदा जा आणि त्या वाड्याच्या मागच्या दाराने आत शिर. तो म्हणाला, "सर, तिकडे काट्या आहेत, आणि उजेडही बरोबर येत नाही." मी म्हटलं, असू दे. काढून आण, आपण दोघं मिळून आजींना दाखवू.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.