उच्चाकाशांतील अणुस्फोटांच्या चित्रफिती : एक परीक्षण

अमेरिकेनें १९४५ ते १९६२ या काळांत वातावरणांत २१० अणुस्फोट केले व त्यांच्या सुमारें १०,००० चित्रफिती घेतल्या. पॅसिफिक महासागरांतील जॉन्स्टन बेटावर १ ऑगस्ट १९५८ रोजीं सुमारें ७७ किलोमीटर उंचीवर झालेला ‘टीक’ व ९ जुलै १९६२ चा ४०० किलोमीटर उंचीवरील ‘स्टारफिश प्राइम’ हे त्यांतील विशेष होत. अशा स्फोटांच्या फितींवरून पीटर क्युरन यांनीं १९९९ मध्यें ‘न्यूक्स इन स्पेस’ हा चित्रपट सिद्ध केला. पुढें लिव्हरमोर प्रयोगशाळेंत ग्रेग स्प्रिग्ज यांनीं जुन्या स्फोटफिती नव्यानें मोजण्यास घेतल्या. या दोन्ही उद्योगांकडे आम्ही साधनचिकित्सेच्या दृष्टीनें पाहतों.

विटलेल्या फितींस रंग परत आणण्याची क्युरन यांची युक्ति नामांकित आहे. परंतु उच्चाकाशांत रंग हा अलंकार नसून पुरावा असतो. विरळ हवेमुळें ‘टीक’चा अग्निगोल ०.३ सेकंदांत सुमारें १८ किलोमीटर रुंद झाला. त्याहून फार उंच गेल्यास विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकरेषा धरून धांवतात व ध्रुवप्रकाशासारखी प्रभा पसरते. कोणते अणु उजळले, हें तिच्या रंगावरून ताडतां येतें. मग पडद्यावरील रंग मूळचा किती व संपादकाचा किती, हें केवळ चित्र पाहून कोण सांगणार? पुसट अक्षरांवर नवी शाई फिरविलेल्या बखरीस जो नियम, तोच येथें लागू आहे : मूळ पाठ व दुरुस्ती हीं वेगळालीं दाखविलीं पाहिजेत.

स्प्रिग्ज यांची रीत आम्हांस अधिक पटते. ते मूळ फितींकडे गेले, तों पूर्वीचे कांहीं आंकडे शेंकडा २० ते ३० नीं चुकल्याचें आढळलें. बखरीपेक्षां अस्सल पत्र श्रेष्ठ, हा राजवाड्यांचा आग्रह येथेंही खरा ठरतो. उणीव एवढीच कीं, २०१७ पर्यंत सुमारें ७५० फितींवरचीच गुप्तता उठली होती. बंद दप्तरावर रचलेला निष्कर्ष दुसऱ्यानें पडताळल्यावांचून सिद्ध म्हणतां येत नाहीं.

आणि वेळ थोडा आहे. ॲसिटेटची फीत कुजूं लागली म्हणजे तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच नायट्रेट फितींचें कोठार जळून जुने चित्रपट कायमचे गेले, हें आपले वाचक जाणतातच. १९६३ च्या करारानें असे स्फोट वर्ज्य ठरविले. ते पुन्हा न व्हावेत हेंच इष्ट. म्हणूनच या फितींस दुसरी प्रत मिळावयाची नाहीं.