आत्मा, अहंकार आणि आपण

‘स्व’ ही कल्पना तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मानवशास्त्र आणि भाषाशास्त्र या चारही शास्त्रांच्या विचारात येते. परंतु चारही शास्त्रांचा अभ्यासविषय एकच आहे, असे मात्र म्हणता येत नाही. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘सेल्फ’ हे एकच नाम चालत असल्यामुळे विषयही एकच असावा असा समज होतो, आणि संस्कृतींची तुलना याच समजावर उभारली जाते. अशा तुलनेचे मूल्यमापन करावयाचे तर प्रथम शब्दांची छाननी करणे अवश्य ठरते.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९३८ साली दिलेले हक्सले स्मृतिव्याख्यान हा या विचाराचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू होय. स्वतःच्या पृथक् अस्तित्वाची जाणीव नसलेला मनुष्य कधी झालाच नाही, हे मोसने प्रारंभीच मान्य केले. त्याला पाहावयाचा होता तो समाजाने व कायद्याने ‘व्यक्ती’ला दिलेल्या स्थानाचा इतिहास. मुखवटा या अर्थाचा ‘पर्सोना’ हा लॅटिन शब्द रोमन कायद्यात हक्कधारक व्यक्तीचा वाचक कसा झाला, याचे त्याचे विवेचन आजही उद्बोधक वाटते. तथापि भारताकडे वळताच ही सावधगिरी सुटते. व्यक्तिजाणिवेच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून मोस ‘अहंकार’ ही संज्ञा पुढे करतो. वस्तुतः सांख्यांचा अहंकार हे बुद्धीपासून निर्माण होणारे, प्रकृतीच्या बाजूचे तत्त्व आहे. पुरुष त्याहून सर्वस्वी भिन्न. सृष्टिक्रमातील तत्त्वाला कायद्यातील व्यक्तीच्या पंक्तीस बसविले, की तुलनेचा पायाच डळमळतो.

पुढील काळात हा घोटाळा अधिक वाढला. स्वयंपूर्ण व सीमाबद्ध व्यक्तीची पाश्चात्त्य कल्पना जगाच्या संदर्भात काहीशी विलक्षणच आहे, असे क्लिफर्ड गीर्ट्झ याने १९७४ साली प्रतिपादिले. त्याचे विवेचन जावा, बाली व मोरोक्को येथील प्रत्यक्ष निरीक्षणांवर आधारलेले असल्याने सामान्यीकरणापासून बरेचसे अलिप्त राहिले. मार्कस आणि कितायामा यांच्या १९९१ सालच्या सुप्रसिद्ध निबंधात मात्र ‘स्वतंत्र स्व’ आणि ‘परस्परावलंबी स्व’ असे दोन साचे तयार झाले, व ढोबळ मानाने पहिला पाश्चात्त्यांच्या आणि दुसरा पौर्वात्यांच्या वाट्यास आला. या मांडणीने मानसशास्त्राला स्वतःच्या एकांगीपणाची जाणीव करून दिली, हे तिचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु विचारपरंपरांचा पुरावा या विभागणीस अनुकूल नाही. नैयायिक प्रतिशरीर भिन्न आत्मा मानतात. इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख व ज्ञान ही त्याची लिंगे सांगतात. अद्वैती एकच आत्मा मानतात, तर बौद्ध आत्मा नाकारतात. उलटपक्षी, १७३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डेव्हिड ह्यूम याला अंतर्मुख होऊन शोधताना बदलत्या संवेदनांच्या समूहापलीकडे काहीच आढळले नाही. येथे तो आपल्या देशबांधवांपेक्षा बौद्धांना अधिक जवळचा ठरतो. म्हणजे मतभेदाची रेषा पूर्व-पश्चिम अशी जात नसून प्रत्येक परंपरेच्या अंतरंगातून जाते.

भाषेची साक्षही याच दिशेची आहे. संस्कृत ‘आत्मन्’ हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. विद्वानांच्या वाटेने तो ‘आत्मा’ म्हणून तत्सम रूपात राहिला. लोकांच्या वाटेने प्राकृत ‘अप्पण’ होऊन त्याचे ‘आपण’ झाले. ‘तो आपल्या घरी गेला’ येथे ‘आपण’ स्ववाचक आहे. ‘आपण जाऊ’ येथे श्रोत्यासह वक्ता आहे. ‘आपण बसावे’ येथे केवळ आदरणीय श्रोता आहे. आणि ‘आपण बुवा कुणाच्या भानगडीत पडत नाही’ येथे वक्ता एकटाच, तोही कुंपण घालून, उभा आहे. ‘आम्ही’ म्हणून श्रोत्याला वगळण्याची सोय आहेच. मराठी भाषकाचा ‘स्व’ स्वतंत्र की परस्परावलंबी, हा प्रश्न या वाक्यांपुढे निरर्थक होतो. कारण स्व-परांची सीमा येथे प्रत्येक उच्चारात नव्याने आखली जाते. अर्थात या सर्वनामावरून मराठी मनाचे स्वरूप ठरवू जाणे हाही तितकाच मोठा प्रमाद होईल. व्याकरण शक्यता पुरविते, स्वभाव नव्हे.

बेन्व्हेनिस्त याने १९५८ साली दाखवून दिले, की ‘मी’ हा शब्द कोणत्याही वस्तूचे नाव नाही. तो उच्चारणारा तोच त्याचा अर्थ. त्याच्या मते ‘तो’ ही खरी व्यक्तीच नव्हे. पाणिनीनेही ‘अस्मद्’ व ‘युष्मद्’ यांना अनुक्रमे उत्तम व मध्यम पुरुष नेमून दिल्यावर अवशिष्ट सर्वांसाठी प्रथम पुरुष सांगितला आहे. हा मेळ लक्षणीय असला, तरी पाणिनीची व्यवस्था क्रियापदाच्या रूपांची आहे, स्वरूपमीमांसेची नव्हे, याचा विसर पडता कामा नये.

हा वाद केवळ शाब्दिक नाही. मराठीतून संशोधन करणाऱ्यास परिभाषा निवडावीच लागते, आणि प्रत्येक पर्याय आपला इतिहास घेऊन येतो. ‘आत्मा’ म्हणताच मोक्षविचार येतो. ‘अहंकार’ म्हणताच व्यवहारातला गर्व येतो. पतंजलीने पंचक्लेशांत गणलेली ‘अस्मिता’ आज अभिमानाची बाब झाली आहे. फ्रॉइडचा साधा जर्मन ‘मी’ इंग्रजीत लॅटिन ‘इगो’ झाला व मराठीत ‘अहं’ म्हणून उतरला. मूळचे सर्वनामपण लोपून एक मनोव्यापारी पदार्थ मागे राहिला. प्रश्नावलीत ‘आपल्या कुटुंबाचे मत महत्त्वाचे वाटते का?’ असे विचारल्यास ‘आपल्या’ म्हणजे उत्तरदात्याच्या की तुम्हा-आम्हा सर्वांच्या, हे अनिश्चितच राहते. आणि या अनिश्चिततेतून आलेले उत्तर पुढे ‘परस्परावलंबी स्वा’चा पुरावा म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो.

म्हणून बोलणारा ‘मी’, समाजमान्य ‘व्यक्ती’ आणि तत्त्वचिंतनातील ‘आत्मा’ हे तीन विषय प्रथम वेगळे ठेवावेत, आणि त्यानंतरच त्यांच्या परस्परसंबंधांचा शोध घ्यावा. तुलना त्याज्य नाही. परंतु कशाची कशाशी तुलना चालली आहे, हे ठरल्याशिवाय ती शास्त्रीय होऊ शकत नाही.