कुर राजांची नाणी : साक्ष आणि तिची मर्यादा

प्राचीन नाण्याची साक्ष दुहेरी असते. एक त्यावरील अक्षरांची, दुसरी त्याच्या धातूची, ठशांची आणि सापडण्याच्या जागेची. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे इतिहासात कसा घोटाळा माजतो, याचे उत्तम उदाहरण कोल्हापूरच्या कुर राजांची नाणी होत.

या नाण्यांवर ब्राह्मी लिपीत तीन राजांची नावे आढळतात : वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर. सिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा उमटविला; पुढे गोतमीपुताने सिवलकुराच्या नाण्यांवर आपला. खालचा ठसा आधीचा आणि वरचा नंतरचा, हे निर्विवाद. म्हणून तिघांचा क्रम निश्चित होतो. मात्र तेवढ्यावरून त्यांचे परस्परांशी नाते कळत नाही, की वैर. जोगळटेंभी (जि. नाशिक) येथे १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा आहे. तेथे जयाचा निष्कर्ष ग्राह्य ठरतो, कारण क्षहरात वंशाच्या उच्छेदाची ग्वाही नाशिकच्या लेण्यातील बलश्रीचा लेख स्वतंत्रपणे देतो. कुर राजांविषयी असा लेख हाताशी नाही.

आता अक्षरांकडे वळावे. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी याने हिप्पोकुरा या राजधानीचा स्वामी म्हणून बालेओकुरोसचा उल्लेख केला आहे. रा. गो. भांडारकरांनी हा विळिवायकुरच असे मानले. ध्वनिदृष्ट्या यात अशक्य काही नाही. भारतीय 'व'काराला ग्रीक लिपीत स्वतंत्र अक्षर नसल्याने त्याच्या जागी 'बीटा' येणे स्वाभाविक आहे, आणि अंत्य 'ओस' हा ग्रीक प्रत्यय होय. परंतु विळिवायकुर दोन आहेत, आणि दोहोंमध्ये सिवलकुर उभा आहे. त्यांना वेगळे करणारे मातृनाम टॉलेमीने दिलेले नाही. तेव्हा उच्चारसाम्याने नाव जुळते. व्यक्ती जुळत नाही.

हा भेद न पाळल्यास तर्काचे वर्तुळ तयार होते. टॉलेमीवरून नाण्याचा काळ ठरवावयाचा, नाण्यावरून उत्खननातील थराचा, आणि त्याच थराने टॉलेमीला दुजोरा दिला असे म्हणावयाचे! कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीच्या टेकडीचे १९४५-४६ मध्ये सांकळिया व दीक्षित यांनी केलेले उत्खनन महत्त्वाचे ठरते ते याचसाठी. तेथे नाण्याला मृद्भांडी, घरे आणि थर यांची संगत लाभली. तथापि नाणे थराची केवळ पूर्वमर्यादा सांगते : थर त्या नाण्याच्या आधीचा नाही, एवढेच. नाणे कित्येक पिढ्या हातोहात फिरू शकते.

रत्नागिरीहून हातखंबा व पाली या मार्गाने आंबा घाट चढून कोल्हापूर गाठता येते. समजा, उद्या हातखंब्याच्या एखाद्या शेतात नांगराच्या फाळाला विळिवायकुराचे नाणे लागले, तर कुर सत्ता कोकणात पसरली होती असे लिहिण्याचा मोह अनेकांना होईल. पण नाणे राजाच्या आज्ञेने निघते आणि व्यापाऱ्याच्या कनवटीला बसून हिंडते. जेथे ते पडले तेथे राजाची आज्ञा चालत होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

सारांश, ठशांवरचा ठसा क्रम देतो, लेख नाव देतो, थर संगत देतो. प्रत्येक साक्षीदाराला त्याने पाहिले तेवढेच विचारावे.