रक्ताला भाव, शब्दांना नाही

वाचकहो, लोणारच्या काठावर उभे राहिले की आकाशाचा धाक वाटतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अवकाशातून कोसळलेल्या एका पाषाणाने घडविले. त्याच अवकाशाची थट्टा मांडणारा 'तोतो नेल्ला लूना', म्हणजे 'तोतो चंद्रावर', हा इटालियन चित्रपट. १९५७ मध्ये स्पुटनिक झेपावला आणि १९५८ मध्ये दिग्दर्शक स्तेनो यांनी हे प्रहसन पडद्यावर आणले.

मासिकाचा मालक (तोतो) आपल्या पदरी काम करणाऱ्या आकिल्लेच्या (उगो तोन्यात्सी) विज्ञानकादंबरीला कवडीचीही किंमत देत नाही. पुढे अमेरिकन मंडळी आकिल्लेला शोधत येतात. आपली कादंबरीच त्यांना हवी आहे, असे त्या भाबड्याला वाटते. त्यांना हवे असते त्याचे माकडासारखे रक्त. ते अवकाशप्रवासास योग्य ठरलेले असते!

नेपथ्य स्वस्तातले आहे. तो दोष आम्ही मानीत नाही. तोतोच्या मुद्राभिनयापुढे आकिल्लेची व्यथा झाकोळते, हा मात्र खरा उणेपणा. तरीही हसता हसता मन खंतावते. माणसाच्या शब्दांहून त्याच्या रक्ताला अधिक मोल देणारे जग चंद्रावर पोहोचले, तरी ते उंच झाले असे आम्ही म्हणणार नाही.