‘ठाकूर असे करणार नाही’ : लोकप्रिय चित्रपटातील पात्र आणि शौकिनाचा औचित्यविचार

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘तो असे करणार नाही.’ कथानक अशक्य कोटीतले आहे, अशी ही तक्रार नसते. एकटा नायक दहाजणांना लोळवतो, एका कडव्यात ऋतू आणि गाव बदलतात, हे सारे तोच प्रेक्षक विनातक्रार स्वीकारतो. मात्र एखाद्या पात्राने आपल्या स्वभावाला सोडून एक पाऊल टाकले, की तो अडतो. त्याच्या या अडण्याकडे समीक्षेने एक भाबडेपणा म्हणूनच पाहिले आहे. तो भाबडेपणा नसून मूल्यनिर्णय आहे, आणि या निर्णयाची दखल घेतल्याशिवाय लोकप्रिय चित्रपटातील पात्रांविषयी काही नेमके बोलता येत नाही, असे मला वाटते.

समीक्षेच्या या अनास्थेला इतिहास आहे. ब्रॅडलीने १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या पात्रांचा विचार जवळजवळ हयात माणसांसारखा केला. नाइट्सने १९३३ मध्ये लेडी मॅक्बेथला मुले किती, असा उपरोधिक प्रश्न शीर्षकातच विचारून त्या पद्धतीची रेवडी उडविली. तत्पूर्वी, १९२८ मध्ये, प्रॉपने लोककथेतील पात्रांना कार्यांच्या कोष्टकात बसविले होते. पुढे बार्थने पात्र म्हणजे एका विशेषनामाभोवती गोळा झालेले अर्थघटक, असे म्हटले. हे सर्व आपापल्या जागी बरोबर आहे. पण या मांडणीत ‘तो असे करणार नाही’ या वाक्याला अर्थच उरत नाही. पात्र जर संहितेत जे करते तेवढेच असेल, तर ते जे करते त्याहून वेगळे काही ‘करणारे’ असूच शकत नाही. शौकीन मात्र हे वाक्य उच्चारतो आणि ऐकणाऱ्याला ते कळते. आमच्या विद्यापीठीय उत्तरपत्रिकांतील ‘व्यक्तिचित्रण’ हा कथानकानंतर आणि वातावरणाआधी येणारा परिच्छेदही येथे कामाला येत नाही, हे सांगावयास नकोच.

आपल्या परंपरेत या अडण्याला नाव आहे. अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरे कारण नाही, असे आनंदवर्धन मानतो. अकराव्या शतकातील क्षेमेंद्र औचित्याच्या स्थानांत ‘स्वभाव’ आणि ‘अवस्था’ यांचीही गणना करतो. एक भेद मात्र लक्षात ठेवावयास हवा. शास्त्रकारांचे औचित्य बव्हंशी प्रकृतीचे असते : उत्तम प्रकृतीच्या नायकाने कसे वागावे, अधम प्रकृतीच्या पात्राने कसे. शौकिनाचे औचित्य या एका चित्रपटाने, या एका माणसाविषयी, तीन तासांत घडविलेले असते. ते वर्गाचे नसून व्यक्तीचे असते.

उदाहरण म्हणून १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ घेतो. सलीम-जावेद यांची पटकथा आणि रमेश सिप्पी यांचे दिग्दर्शन असलेला हा चित्रपट मी किती वेळा पाहिला, याची मोजदाद ठेवलेली नाही. पण येथे मुद्दा त्या पुनःपुन्हा पाहण्याचाच आहे. ठाकूर बलदेवसिंगाच्या खांद्यावरची शाल पहिल्या वेळी केवळ पेहराव असते. होळीच्या दिवशी बंदूक पायाशी पडलेली असूनही तो ती उचलत नाही, जय आणि वीरू त्याच्यावर संतापतात, आणि मग त्या शालीखाली हात नाहीत हे कळते. दुसऱ्या वेळी पाहताना रामलालचे सतत जवळपास असणे, ठाकुराचे ताठ उभे राहणे, कशालाही स्पर्श न करणे, असे सर्व पूर्वीचे प्रसंग निराळे होतात. पात्र पडद्यावर तेच राहते. पाहणाऱ्याच्या स्मृतीत ते भरत जाते. कथनमीमांसेने गृहीत धरलेला ‘प्रथम वाचक’ लोकप्रिय चित्रपटाच्या बाबतीत बऱ्याचदा अस्तित्वातच नसतो.

जयचे नाणे हे याहूनही सरस. जखमी इन्स्पेक्टरला इस्पितळात न्यायचे की पळून जायचे, हे जय नाणे उडवून ठरवतो. पुलावर कोणी थांबायचे, हेही त्याच नाण्यावर ठरते. जय मेल्यावर वीरूच्या हाती ते येते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छापच असल्याचे दिसते. बेफिकीर, तिरकस, मोजके बोलणारा हा माणूस प्रत्येक वेळी स्वतः निर्णय घेत होता आणि तो दैवाच्या नावावर खपवीत होता. माणूस काय निवडतो यातून त्याचे शील प्रकट होते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. येथे निवड झाकली जाते, आणि ती झाकण्यातच जयचे शील आहे.

फॉर्स्टरने १९२७ मध्ये केलेली ‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ ही विभागणी सांभापुढे लंगडी पडते. मॅकमोहनच्या वाट्याला खडकावर बसणे आणि जेमतेम एक उत्तर देणे, एवढेच आले. पण सरकारने आपल्यावर किती इनाम लावले आहे, हे गब्बर त्याला विचारतो तेव्हा उत्तर गब्बरला ठाऊकच असते. त्याला माहिती नको असते, साक्षीदार हवा असतो. एवढ्याशा देवघेवीत सांभा कायमचा रेखला जातो आणि गब्बरची भूकही कळते. सपाट म्हणावे, तर दोन पात्रे एकमेकांच्या उजेडात उभी आहेत. विजू खोटे यांच्या कालियाचेही तसेच. त्याची भीती हे गब्बरचेच चित्र आहे. बसंतीच्या अखंड बडबडीबद्दल इतकेच म्हणतो, की टांगेवालीचा तो धंदा आहे, आणि हे लेखकांना ठाऊक होते.

आता ठाकूर. प्रदर्शित चित्रपटात तो खिळे लावलेल्या जोड्यांनी गब्बरला पायाखाली घेतो, आणि अखेरच्या क्षणी पोलीस येऊन त्याला थांबवतात, कायद्याची आठवण देतात. मूळ चित्रीकरणात तो गब्बरला ठार मारतो आणि मग रडतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत परीक्षण मंडळाने हा शेवट मान्य केला नाही, आणि तो बदलून घेण्यात आला. मूळ शेवटासह पुनरुज्जीवित आवृत्ती २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आली. मधल्या पन्नास वर्षांत, मूळ शेवटाची वार्ताही नसलेले कितीतरी शौकीन ‘ठाकूर असे करणार नाही’ म्हणत आले. कापलेले त्यांनी पाहिले नव्हते. उरलेल्यातूनच त्यांना ते जाणवले होते.

याचा प्रतिवाद होऊ शकतो आणि तो दुबळा नाही. ठाकूर मुळात पोलीस अधिकारी आहे, कर्तव्याचा त्याला अभिमान आहे. अखेरीस त्याच्यातला पोलीस जागा झाला, यात गैर काय? काहीच नाही, तो जागा झाला असता तर. पण चित्रपटात जागे होणे नाही, अडविणे आहे. दोन चोरांना भाड्याने आणून कायदा मागे सोडलेल्या या माणसाला कायद्याकडे परत वळायचे होते, तर ते वळणे त्याचे हवे होते. जयच्या बाबतीत वर दैव दिसते आणि आत निवड असते. ठाकुराच्या बाबतीत निवडीचा क्षण येतो आणि त्या जागी बाहेरून योगायोग आणून ठेवला जातो. दोन शेवटांतील कोणता नैतिकदृष्ट्या बरा, हा प्रश्न वेगळा. मूळ शेवटात सूड अभिनिवेशाने साजरा झाला असता, तर मी तोही नाकारला असता. पण त्यातले रडणे ठाकुराचे आहे : जगण्याचे एकच कारण होते, तेही संपले.

परंतु शौकिनाच्या या औचित्यदृष्टीलाही एक आंधळी बाजू आहे. जया भादुरींची राधा जवळजवळ बोलत नाही. संध्याकाळी ती एकेक दिवा मालवते, पलीकडून जयचा माउथ ऑर्गन ऐकू येतो. होळीवर भरभरून बोलणारी पूर्वीची राधा आपण पाहिलेली असल्याने हे मौन तिच्या चित्रणातील सर्वांत बोलका भाग ठरते. तिच्या पुनर्विवाहाची बोलणी मात्र ठाकूर आणि तिचे वडील करतात, आणि जय मेल्यावर ती खिडकी लावून घेते. तिला काय हवे, हे चित्रपट तिला विचारत नाही. ठाकुराची निवड हिरावली गेल्यावर पन्नास वर्षे अडलेल्या आम्हा शौकिनांपैकी कोणी ‘राधा असे करणार नाही’ म्हटल्याचे मला आठवत नाही. मीही म्हटले नव्हते.