प्रकल्पाच्या वहीत प्रश्न कुठे आहे?

जुलै-ऑगस्टमध्ये विषय वाटून द्यायचे, दिवाळीनंतर आठवण करून द्यायची आणि जानेवारीत वह्यांचे गठ्ठे जमा करायचे, हा आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील प्रकल्पांचा वार्षिक क्रम आहे. वहीचे मुखपृष्ठ सजवलेले असते, पहिल्या पानावर प्रमाणपत्र असते, शेवटच्या पानावर आभार असतात. सही होते, गुण पडतात आणि उन्हाळ्यात गठ्ठा रद्दीत जातो. या लेखात आम्ही या वह्यांचे परीक्षण करणार आहोत, तेही गुण देण्यासाठी नव्हे. एखादे पुस्तक वाचून त्याविषयी लिहावे, तसे.

एवढे मनावर घेण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. पुढे महाराष्ट्रात तो अकरावी-बारावीपर्यंत आला आणि त्याबरोबर प्रकल्पही आला. नंतर या विषयाचे नाव ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ असे झाले. १९९३ पासून भरू लागलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांची मुले आपल्या परिसरातील प्रश्नावर काम करून अहवाल मांडू लागली. परंतु तेथपर्यंत थोडीच मुले पोहोचतात. वर्गातला प्रकल्प मात्र कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्वच शाखांच्या मुलांना करावा लागतो. बारावीनंतर ज्यांचे शिक्षण थांबते, त्यांच्या आयुष्यातले हे पहिले आणि शेवटचे संशोधन असते. ते खोटे निघाले, तर संशोधन म्हणजे दुसऱ्याचे उतरवून काढणे, हीच समजूत ते विद्यार्थी जन्मभर बाळगणार.

साचा काय मागतो?

प्रकल्पाचा साचा आपल्या परिचयाचा आहे. प्रस्तावना, विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ. यात चांगले काय आहे ते आधी सांगू. निरीक्षण आणि निष्कर्ष यांना येथे वेगळी पाने आहेत. डोळ्यांनी दिसले ते एक आणि त्यावरून वाटले ते दुसरे, हा भेद साच्यातच आहे. कार्यपद्धती निरीक्षणांच्या आधी येते, हेही योग्यच.

उणीव आहे ती सुरुवातीला. या साच्यात प्रश्नाला पान नाही. उद्दिष्टांचे पान आहे, पण उद्दिष्ट म्हणजे प्रश्न नव्हे. ‘जलप्रदूषणाची कारणे अभ्यासणे’, ‘उपाययोजना सुचवणे’, ‘लोकांत जागृती करणे’ ही वाक्ये वहीमागून वहीत येतात. ही उद्दिष्टे कधीच चुकत नाहीत आणि खरी अडचण तीच आहे. प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित येऊ शकते. उद्दिष्ट केवळ ‘साध्य’ होते.

प्रश्न नसला की पुढची सगळी पाने पोकळ होतात. निरीक्षणांच्या पानावर ‘परिसरातील विहिरींची पाणीपातळी खालावलेली दिसून आली’ असे वाक्य असते. कोणत्या विहिरी? कोणत्या तारखेला? कोठून कोठपर्यंत खालावली? कशाने मोजली? यातले काहीही नसल्यामुळे ते वाक्य नगरलाही खरे ठरते आणि नागपूरलाही. मग निष्कर्ष येतो, ‘पाणी हे जीवन आहे, ते जपून वापरले पाहिजे.’ हे खोटे नाही. परंतु ते समजायला प्रकल्पाची गरज नव्हती.

येथे आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. वहीतले निष्कर्षाचे पान उघडावे आणि विचारावे, हे पान जुलैमध्येच लिहिता आले असते का? आले असते, तर मधल्या सहा महिन्यांत काही घडले नाही.

नक्कल होते म्हणून मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पूर्वी तयार प्रकल्प दुकानात मिळत. आता मोबाइलवर विषय टाकला की मिनिटभरात शुद्ध भाषेतला पूर्ण अहवाल हाती येतो, आभारांसकट. ज्याची नक्कल करता येते तेच आपण मागितले, तर नक्कलच मिळणार. आपल्या विहिरीची १२ नोव्हेंबरची पातळी मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि मोबाइललाही ती माहीत नसते.

हिवरे बाजारची सहल

अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) प्रकल्पाचा एक आवडता विषय म्हणजे हिवरे बाजार. गाव नगर तालुक्यातच असल्याने जाणे सोपे. मुले एक दिवस जातात, माहिती ऐकतात, फोटो काढतात आणि वही भरते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, श्रमदान झाले, डोंगरावर चर खणले, झाडे लावली, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही असे ठरले. हे सर्व खरे आहे आणि मुलांना ठाऊक असावे असेही आहे. परंतु ती दुसऱ्यांनी केलेल्या कामाची नोंद झाली, विद्यार्थ्याचे संशोधन नव्हे.

गंमत अशी की, हे गाव स्वतःच दरवर्षी एक प्रकल्प करते. तेथे पर्जन्यमापकावर पाऊस मोजतात, ठरावीक विहिरींची पातळी नोंदतात, हाती किती पाणी आहे याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून यंदा कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतात. प्रश्न, मोजणी, हिशेब, निष्कर्ष आणि त्या निष्कर्षावर विसंबून घेतलेला निर्णय, हे सारे यात आहे. आमची मुले अशा गावात जातात आणि येताना प्रवेशद्वाराचा फोटो घेऊन येतात.

तो ताळेबंद मुलांना समजण्यापलीकडचा आहे काय? मुळीच नाही. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होते. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आहे. म्हणजे एक मिलिमीटर पावसाने गावाच्या शिवारावर जवळजवळ एक कोटी लिटर पाणी पडते. ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे ३९० कोटी लिटर. यातले किती वाहून गेले, किती वाफ झाले, किती मुरले हा खरा अवघड भाग. पण पहिली ओळ सातवीच्या गणितातून निघते. हाच हिशेब प्रत्येकाने आपल्या गावासाठी मांडावा. गावाचे क्षेत्र तलाठी कार्यालयात मिळते, महसूल मंडळाच्या पावसाचे आकडे मिळू शकतात. एवढे केले तरी वही स्वतःची झाली.

त्यापुढे जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याच गावात एक चांगला प्रश्न आहे. विहिरींना पाणी राहिले ते पाणलोटाच्या कामामुळे की जास्त पाणी पिणारी पिके टाळल्यामुळे? दोन्हींमुळे, हे उत्तर सोपे आहे. पण कशाचा वाटा किती, हे एका दिवसाच्या भेटीत कळणार नाही. तेवढाच पाऊस पडणारे आणि एकच गोष्ट केलेले दुसरे गाव शोधावे लागेल. असा प्रश्न विचारणे म्हणजे गावाचा अनादर नव्हे. उलट, हिवरे बाजारचा अनुभव अन्य गावांना लागू पडेल की नाही, ते या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरते.

एक विहीर, वीस आठवडे

मग चांगला प्रकल्प कसा असतो? एक उदाहरण घेऊ. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या अवर्षणप्रवण भागांतल्या अनेक मुलांच्या शेतात विहीर आहे. प्रश्न असा, ‘पाऊस संपल्यावर आमच्या विहिरीची पातळी दर आठवड्याला किती उतरते आणि ती सारखीच उतरते का?’

साहित्य म्हणजे एक दोर, त्याला बांधलेले वजन आणि मोजपट्टी. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करायची आणि दर वेळी तेथूनच मोजायचे. दिवस आणि वेळ ठरलेली हवी. मोजणाऱ्याबरोबर मोठे माणूस हवे, हे शिक्षकांनी बजावून सांगावे. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सुमारे वीस आठवडे होतात. वह्या जानेवारीत मागायच्या असतील, तर तेरा-चौदा नोंदी तरी हाती येतील; उरलेल्या पुढे जोडता येतील.

विहीर गोल असेल आणि व्यास सहा मीटर असेल, तर तळाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर येते. म्हणजे पाणी एक मीटर उतरले, की विहिरीतले सुमारे २८ हजार लिटर पाणी कमी झाले. पण मोटार तर यापेक्षा किती तरी जास्त पाणी उपसते! मग ते आले कोठून? येथे विद्यार्थी पहिल्यांदा थांबतो. आपल्याकडचा खडक काळा, घट्ट. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेथून ते विहिरीत झिरपत राहते. पुस्तकातला ‘झरा’ त्याला आता आकड्यात भेटतो.

अडचणीही येतील आणि त्यांचीच खरी किंमत आहे. शेतीची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रभर मोटार चालली असेल, तर सकाळची पातळी फसवी खाली दिसते. म्हणून मोटार केव्हा बंद झाली, तेही लिहिले पाहिजे. एखाद्या आठवड्यात पाऊस नसताना पातळी वर येईल. कालव्याला आवर्तन सुटले होते का? शेजाऱ्याची मोटार जळाली होती का? नेमक्या अशा वेळी मुले आकडा ‘दुरुस्त’ करतात, कारण न जुळणाऱ्या आकड्याला गुण कापले जातील अशी त्यांना भीती असते. ही भीती घालवणे शिक्षकाच्याच हातात आहे. ‘जे जुळले नाही ते’ असे एक पान वहीत सक्तीचे करावे आणि त्याला गुण ठेवावेत.

विहीर नसलेल्यांनी निराश होऊ नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी गोळा करून बीजबँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यावरही वह्या लिहिल्या जातात, बहुधा चरित्रवजा. त्याऐवजी आपल्या आळीतल्या दहा आजीबाईंना विचारावे, तुमच्या लहानपणी वालाचे, घेवड्याचे किती प्रकार लावत, त्यांची नावे काय, आणि त्यातले यंदा किती लावले? दहा घरांची ही यादी जगात दुसरीकडे कोठेही लिहिलेली नसेल.

संदर्भ कशासाठी?

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतील आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनी बंबलबी जातीच्या माश्यांवर प्रयोग केले. कोणत्या फुलावर जायचे हे ठरवताना माशी रंग आणि रंगांची मांडणी दोन्ही वापरते का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा निबंध २०१० साली रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात छापून आला. आकृत्या मुलांनी हाताने काढलेल्या होत्या आणि निबंधात संदर्भसूची नव्हती. संदर्भ नसतानाही ते संशोधन ठरले, कारण प्रश्न मुलांचा होता आणि उत्तर मोजून काढले होते. त्यांना एक शास्त्रज्ञ आणि मुख्याध्यापक यांची साथ होती, हेही विसरू नये.

सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला मात्र संदर्भ हवेत. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमात याच वयाची मुले चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध लिहितात आणि शेवटी मार्गदर्शक त्यांच्याशी त्यावर बोलतो. तेथेही निबंधाचा आधार एक नेमका प्रश्नच असतो. आपल्या वहीत ‘संदर्भ : इंटरनेट’ असे लिहिणे म्हणजे पत्ता म्हणून ‘महाराष्ट्र’ लिहिण्यासारखे आहे. जो आकडा आपण स्वतः मोजलेला नाही, तो कोणी, कधी मोजला हे सांगणे, एवढेच संदर्भाचे काम.

शिक्षकांची बाजू

‘एका शिक्षकाकडे शंभरावर वह्या, वर बारावीचा अभ्यासक्रम, हे सारे करायचे कधी?’ ही तक्रार रास्त आहे. प्रत्येकाला वेगळा विषय देण्याची प्रथा येथे शिक्षकाच्याच मुळावर येते. त्याऐवजी वर्गाला एकच प्रश्न द्यावा आणि विहीर प्रत्येकाची वेगळी असावी. साठ मुलांच्या साठ विहिरी, वीस आठवडे, म्हणजे बाराशे नोंदी. एवढ्या दाट नोंदी त्या परिसरापुरत्या सरकारी भूजल यंत्रणेकडेही नसतात, कारण ती निवडक निरीक्षण विहिरी वर्षातून ठरावीक वेळाच मोजते. अहवाल पाच-सहा पानांचा पुरे. शिक्षकाने चारच गोष्टी पाहाव्यात. प्रश्न एका वाक्यात आहे का? नोंदींना तारीख आणि जागा आहे का? न जुळलेले लिहिले आहे का? निष्कर्ष नोंदींपलीकडे उडी तर मारत नाही ना? शेवटी दोन मिनिटे तोंडी विचारावे. ज्याने दोर सोडला आहे, त्याला उत्तर देताना अडखळावे लागत नाही.

आणि वह्या रद्दीत घालू नयेत. निदान नोंदींची पाने तरी शाळेत ठेवावीत आणि पुढच्या जुलैत नव्या मुलांच्या हाती द्यावीत. ‘गेल्या वर्षी याच विहिरीला जानेवारीत इतके पाणी होते, यंदा किती आहे?’ हा प्रश्न मग आयता मिळेल. मुख्य म्हणजे वहीला वाचक मिळेल. आपले लिहिणे पुढच्या वर्षी कोणीतरी वापरणार आहे हे माहीत असेल, तर सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आकडा जपून लिहिते.