'स्वामी' : थेऊरची चिता आणि महेश्वरची गादी

मुंबई दूरदर्शनवरून १९८७ साली प्रसारित झालेली 'स्वामी' ही मालिका मराठी मनातून अद्याप उतरलेली नाही. रणजित देसाई यांच्या १९६२ सालच्या कादंबरीवरून गजानन जागीरदार यांनी ती दिग्दर्शित केली. रवींद्र मंकणी माधवराव झाले आणि किशोरवयीन मृणाल देव रमाबाई. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण इंदूरच्या अँटेनापर्यंत पोहोचत नसे. आम्हा माळव्यातील मराठी मंडळींना ही मालिका पुण्या-मुंबईच्या नातलगांकडे, किंवा पुढे ध्वनिचित्रफितींवरून, तुकड्यातुकड्यांनीच भेटली. तरीही तिची ओढ टिकली, ती का?

पगड्या, शेले आणि नथी हे त्याचे कारण नव्हे. नंतरच्या ऐतिहासिक मालिकांत वैभव कितीतरी अधिक आहे, पण त्या तितक्या स्मरणात राहत नाहीत. 'स्वामी'चे बळ तिच्या पेचात आहे. पानिपतच्या संहारानंतर, १७६१ साली, सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती खचलेले, कर्जबाजारी राज्य येते. बाहेर निजाम आणि हैदर. घरात सत्तेसाठी आसुसलेले चुलते. ज्यांना वडीलकीचा मान द्यायचा, त्याच राघोबादादांना धोडपच्या लढाईनंतर १७६८ साली नजरकैदेत ठेवावे लागते. राज्यकारभार येथे माजघरातून चालतो आणि प्रत्येक निर्णय कोणत्या ना कोणत्या नात्यावर ओरखडा काढतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या प्रेक्षकाला हे दुःख कोणी समजावून सांगावे लागत नाही.

ही जाण दिग्दर्शकाकडे पूर्वीपासूनच होती. 'प्रभात'च्या १९४४ सालच्या 'रामशास्त्री' चित्रपटात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिका जागीरदारांनीच केली होती. पेशवाईकडे ते थाटाच्या नव्हे, न्यायाच्या अंगाने पाहत आले होते.

मात्र मालिकेच्या अखेरीपाशी आम्हांस थांबावेसे वाटते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने निवर्तले आणि रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे. तो लपविण्याचे कारण नाही. परंतु त्या दोघांच्या सहजीवनाचे जे नाजूक रंग आपल्याला मोहवितात, ते बव्हंशी कादंबरीकाराच्या प्रतिभेचे आहेत, आणि त्या रंगांमुळेच चिता ही प्रीतीची स्वाभाविक परिपूर्ती वाटू लागते. प्रेक्षक रडतो, पण हादरत नाही. १९८७ हेच देवराला येथील रूपकंवर प्रकरणाचेही वर्ष. त्या घटनेनंतर सतीप्रथेच्या उदात्तीकरणाविरुद्ध केंद्र शासनाला नवा कायदा करावा लागला. तेव्हा हा प्रश्न केवळ अठराव्या शतकापुरता नव्हता.

इंदूरकराने तर तो टाळूच नये. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, तेव्हा सती जाण्यास निघालेल्या अहिल्याबाईंना सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, परावृत्त केले. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढील वर्षी पुत्र मालेरावही गेले. दिवाण गंगाधर यशवंतांच्या साहाय्याने होळकरांची दौलत आपल्या हाती आणण्याचा घाट राघोबादादांनी घातला. त्या प्रसंगी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य करणारे पेशवे कोण? तेच माधवराव! पुढे १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, एका विधवेने महेश्वराहून जो कारभार केला, त्याची साक्ष देशभरचे घाट आणि देवळे आजही देत आहेत.

म्हणून आमच्या मते 'स्वामी'चा खरा नायक थेऊरच्या शय्येवर नव्हे, तर अशा निर्णयांत सापडतो. चुलत्याचा रोष पत्करून त्याने एका कर्तबगार स्त्रीवर विश्वास टाकला. 'स्वामी' या शब्दाचा अर्थ येथे पतीपेक्षा मोठा होतो.

मालिकेची मोहिनी ओसरलेली नाही. पडद्यावर रमाबाई झालेल्या मृणाल कुलकर्णी यांनीच २०१४ साली 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात त्या स्वतः गोपिकाबाई होत्या आणि मंकणी नानासाहेब. नव्या पिढीनेही ही कथा अवश्य पाहावी. मात्र नातवंडांना थेऊरची चिता दाखविताना महेश्वरची गादीही सांगणे, हे माळव्यातील मराठी घरांचे कर्तव्य आहे. ती कथा आपण सांगितली नाही, तर पुण्या-मुंबईच्या पडद्याने ती सांगावी अशी अपेक्षा कशी करावी?